एकाच पाकिटातली मोहरी: एक झाड अळ्यांनी फस्त, शेजारचं शाबूत, असं का?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. सरदाचं, म्हणजे पावसाळी हंगामाचं, भात कापल्यावर त्यांनी घरामागच्या वाफ्यांत मोहरी आणि मुळा पेरला. मोहरीचं सगळं बी एका पाकिटातलं, मुळ्याचं दुसऱ्या. पुढे काही झाडांची पानं अळ्यांनी शिरांपर्यंत खाल्ली आणि हातभर अंतरावरची काही झाडं जवळजवळ शाबूत राहिली. त्यांनी पानं चावून पाहिली, तर कुठलं नाकात जाईल असं झणझणीत, कुठलं नुसतंच कडवट, कुठलं सपक. हा फरक मातीचा की बियाण्याचा? शाबूत झाडाचंच बी धरत गेलं तर कीड न लागणारी मोहरी घरच्या घरी तयार होईल का? आणि कोबीचंही असंच करता येईल का?

तुम्ही पानं चावून पाहिलीत हे मला फार आवडलं. या विषयात जीभ आणि नाक ही खरीखुरी उपकरणं आहेत. मोहरीवर्गीय पिकांच्या सुधारणेचं काम मी उत्तरेत बरीच वर्षं केलं, आता फोंड्याला असतो. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो. शेजारशेजारच्या झाडांच्या चवीत एवढा ठळक फरक असेल तर तो बहुधा बियाण्याचा, म्हणजे जनुकांचा आहे. खाल्लं जाण्यातला फरक मात्र जनुकांचा असेलच असं नाही, आणि तुम्ही हे दोन फरक एकच धरले आहेत. राहिला कीड न लागणाऱ्या मोहरीचा प्रश्न. एका झाडावरून असा वाण काढायच्या मागे मी लागणार नाही. का, ते नीट सांगायला थोडं खोलात जावं लागेल.

अखंड पानाला किंवा अखंड दाण्याला मोहरीचा तो वास येत नाही. झाडात साठवलेलं असतं ते ग्लुकोसिनोलेट, म्हणजे गंधक असलेलं आणि साखरेचा रेणू जोडलेलं एक शांत संयुग. त्याला फोडणारं मायरोसिनेज हे एन्झाइम त्याच पानात, पण वेगळ्या पेशींत असतं. अळीनं चावा घेतला की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात, साखर सुटून जाते आणि उरलेल्या तुकड्यापासून आयसोथायोसायनेट हे जळजळीत संयुग तयार होतं. स्वयंपाकघरात आपण रोज हेच करतो. मोहरी पाण्यात फेसली की डोळ्यांत पाणी येतं, मिस्कुटाला, म्हणजे कैरीच्या लोणच्याला, कुटलेल्या मोहरीचा झणका येतो, आंब्याच्या सासवात कच्ची वाटलेली मोहरी नाकात चढते. फोडणीत तडतडलेला दाणा मात्र झोंबत नाही, कारण तापलेल्या तेलात एन्झाइम निकामी होतं आणि ग्लुकोसिनोलेट न फुटताच राहतं.

ही यंत्रणा मोहरीच्या कुळापुरती नाही. शेवगा, म्हणजे आपल्याकडचं मशिंग, पपईच्या बिया, पावसाळ्याच्या तोंडाशी भाजीला येणारा वायवर्णा, रस्त्याकडेची पिवळी तिळवण, या सगळ्या वनस्पती त्याच मोठ्या गणातल्या आहेत आणि सगळ्यांत ग्लुकोसिनोलेट आहेत. पपईची बी चावली तर मोहरीसारखी झोंबते ती म्हणूनच. प्रत्येकीचं रसायन मात्र थोडं वेगळं आहे.

अशी शंभर-सव्वाशे ग्लुकोसिनोलेट आजवर ओळखली गेली आहेत. गाभा सगळ्यांचा एकच. फरक आहे तो त्याला जोडलेल्या साखळीत. शेव आणि गाठी एकाच सोऱ्यातून पडतात, चकती बदलली की आकार बदलतो, तसं हे आहे. ती चकती म्हणजे मोजकी काही जनुकं. पिढ्यान्‌पिढ्या हा विषय रसायनशास्त्रज्ञांचा होता. तो जनुकांच्या भाषेत उलगडला तो अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्याच कुळातल्या इवल्याशा रानटी रोपामुळे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ठिकठिकाणच्या ३९ वाणांची पानं आणि बिया तपासल्या, तेव्हा ३४ वेगवेगळी ग्लुकोसिनोलेट सापडली. एकाच जातीच्या रोपात एवढी विविधता! आणि तिचा मोठा भाग जनुकांच्या अगदी थोड्या जागांनी ठरतो हे त्यातून दिसलं.

पहिली जागा साखळीची लांबी ठरवते. मोहरीतली मुख्य ग्लुकोसिनोलेट मेथिओनाइन या अमिनो आम्लापासून बनतात, आणि एमएएम गटातली एन्झाइमं त्या साखळीत दर फेरीला एक कार्बन वाढवतात. जनुकाची एक आवृत्ती असेल तर साखळी तीन कार्बनांवर थांबते, दुसरी असेल तर चारांवर जाते. हे जनुक झाडाला कुठून मिळालं, ती गोष्ट मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते. ल्युसीन हे साधं, प्रत्येक झाडाला लागणारं अमिनो आम्ल बनवणारं एक जुनं जनुक आहे. त्याची जादा प्रत तयार झाली. मूळ प्रत आपलं काम करत राहिली, त्यामुळे जादा प्रतीला बदलायला मोकळीक मिळाली, आणि बदलत बदलत ती संरक्षणाच्या कामाला लागली. पुढे तिच्याही प्रती झाल्या आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या होत गेल्या. मोहरीच्या कुळात गुणसूत्रांचे अख्खे संच दुप्पट-तिप्पट होण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. रसायनांच्या या विविधतेला कच्चा माल मिळाला तो त्यातूनच.

दुसरी जागा, एओपी, साखळीच्या टोकाला काय होतं ते ठरवते. एओपी२ चालू असेल तर टोकाला दुहेरी बंध येतो, शेजारचं एओपी३ चालू असेल तर तिथं हायड्रॉक्सिल येतं, आणि दोन्ही बंद असतील तर आधीचंच गंधकयुक्त टोक कायम राहतं. ब्रोकोली आणि कोबी या एकाच जातीच्या वनस्पती आहेत, तरी त्यांची चव इतकी वेगळी का, याचं एक कारण इथं आहे. ब्रोकोलीत या जनुकाची कामाची प्रत मोडलेली आहे, त्यामुळे तिच्यात ग्लुकोराफेनिन साठून राहतं, ज्यापासून आरोग्याच्या संदर्भात चर्चेत असलेलं सल्फोराफेन मिळतं. कोबीत ते जनुक चालू आहे, म्हणून कोबीत सिनिग्रिन (दुहेरी बंधाच्या टोकाचं ग्लुकोसिनोलेट) आणि त्याच्या भावंडांची रेलचेल. तिसरी जागा चार कार्बनांच्या, दुहेरी बंधाच्या साखळीला आणखी एक हायड्रॉक्सिल जोडते. त्यातून बनणारं प्रोगॉयट्रिन फुटल्यावर झणझणीत होत नाही, त्याचं गॉयट्रिन हे कडू संयुग बनतं. कडवट पानांमागे हे एक कारण असू शकतं.

या तीन जागांच्या आवृत्त्या एकमेकींशी स्वतंत्रपणे जुळतात. लांबी तीन की चार, टोक कुठलं, वर हायड्रॉक्सिल आहे की नाही. दोन भिन्न झाडांचा संकर झाला की पुढच्या पिढीत आईबापांपैकी कुणातही नसलेलं रसायन उगवू शकतं, कारण एकाकडून लांबी आली आणि दुसऱ्याकडून टोक. नवीन जनुक काहीही लागलं नाही.

आता तुमच्या वाफ्यातल्या मोहरीकडे येऊ. आपली मोहरी, ब्रॅसिका जुन्सिया, मुळात दोन जातींच्या संकरातून आलेली आहे. नागाहारू ऊ या कोरियन वंशाच्या जपानी शास्त्रज्ञांनी १९३५ साली हे नातं मांडलं. सरसों-सलगमची जात (१० गुणसूत्रांचा ए संच) आणि काळी मोहरी (८ गुणसूत्रांचा बी संच) मिळून १८ जोड्यांची जुन्सिया झाली. काळ्या मोहरीत जवळजवळ सगळं सिनिग्रिन असतं, म्हणजे तीन कार्बनांची साखळी; फुटल्यावर जे नाकात जातं ते त्याचंच. ए संचाच्या बाजूनं मुख्यतः चार आणि पाच कार्बनांच्या साखळ्या येतात. जुन्सियात दोन्ही घरची जनुकं नांदतात. पूर्व युरोपातल्या जुन्सियात सिनिग्रिनचं राज्य आहे, तर भारतीय वाणांत चार कार्बनांचं ग्लुकोनापिन पुष्कळ आणि सोबत सिनिग्रिन. हे प्रमाण वाणागणिक बदलतं. पाकिटावर नाव एकच असलं तरी परसबागेसाठी मिळणारं बी पुष्कळदा सरमिसळ असतं. तुमच्या जिभेला जाणवलेला झणझणीत-सपक फरक मला त्यामुळेच अजिबात नवल वाटत नाही. मुळ्यात तर प्रत्येक झाड वेगळंच असणार, कारण मुळा स्वतःचा पराग स्वीकारत नाही, दर पिढीला संकर होतो.

प्रकार ठरवणारी जनुकं वेगळी आणि एकूण किती बनवायचं ते ठरवणारी वेगळी. दुसऱ्या गटातलं मुख्य नाव एमवायबी२८. हे नियंत्रक जनुक आहे, ते बाकीच्या जनुकांना कामाला लावतं. जुन्सियात याच्या चार प्रती आहेत. एक प्रत मंदावली तरी बाकीच्या काम चालवतात, म्हणून कमी ग्लुकोसिनोलेटची मोहरी काढणं हे पैदासकाराच्या चिकाटीची परीक्षा पाहणारं काम आहे. बऱ्याच जागांवर एकाच वेळी योग्य आवृत्त्या जुळाव्या लागतात. तिकडे पाश्चात्त्य रेपसीडमध्ये पोलंडच्या ब्रोनोव्स्की वाणात कमी ग्लुकोसिनोलेटचा गुण सापडला आणि त्यावरून १९७४ साली कॅनडात टॉवर हा पहिला ‘दुहेरी कमी’, म्हणजे तेलात इरुसिक आम्ल आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट दोन्ही कमी असलेला, वाण आला. अशा वाणांच्या, म्हणजे कॅनोलाच्या, पेंडीत दर ग्रॅमला ३० मायक्रोमोलपेक्षा कमी ग्लुकोसिनोलेट असावं लागतं. आपल्या पारंपरिक मोहरीत ते याच्या कितीतरी पट असतं.

असं असताना हा गुण सरसकट का घालवत नाही? कारण दाण्यातून तो घालवला की पानांतूनही जातो आणि पीक उघडं पडतं. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेत यावर फार सुंदर काम झालं. ग्लुकोसिनोलेट पानं आणि शेंगांच्या सालीतून दाण्याकडे वाहून नेणारी जीटीआर नावाची प्रथिनं आहेत. त्यांच्या जनुकांत नेमका बदल केला, तेव्हा दाण्यात प्रमाण घटलं आणि पानांतलं संरक्षण टिकून राहिलं. याच वाहतुकीमुळे एक गोष्ट तुमच्याही कामाला येते, ती पुढे सांगतो.

आता किडींकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नाचा कस इथं लागतो. तिखट जास्त तर कीड कमी, हे गृहीतक अर्धंच खरं आहे. जी कीड सगळंच खाते, तिच्यासाठी ते बऱ्यापैकी लागू पडतं. जी मोहरीवर्गावरच जगते, तिच्यासाठी तीच रसायनं घराचा पत्ता ठरतात. व्हेरशाफेल्ट या डच शास्त्रज्ञानं १९१० सालीच दाखवलं होतं की कोबीच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या एरवी ज्या पानांना तोंड लावत नाहीत, ती सिनिग्रिननं माखली की खाऊ लागतात. या किडींनी आपापली तोड काढली आहे. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी आपल्या आतड्यातल्या सल्फाटेज एन्झाइमनं ग्लुकोसिनोलेटवरचा सल्फेट काढून टाकते, मग मायरोसिनेजला ते फोडताच येत नाही. पांढऱ्या फुलपाखराच्या अळीत एक प्रथिन आहे, ते जळजळीत संयुगाऐवजी नायट्राइल नावाचं सौम्य संयुग बनायला लावतं. कोबीवरचा मावा तर ग्लुकोसिनोलेट अंगात साठवतो आणि स्वतःचं मायरोसिनेजही बनवतो. त्याला भुंगेऱ्यानं चावलं की भुंगेऱ्याच्याच तोंडाला जळजळ. मोहरीवरच्या करवती माशीच्या युरोपातल्या एका जातीची अळी ही रसायनं आपल्या रक्तद्रवात साठवते, त्यामुळे मुंग्या तिच्या वाटेला जात नाहीत.

प्रत्येक शत्रूची तोड वेगळी असल्यामुळे झाडाच्या बाजूनं कुठलंही एक रसायन सर्वांत चांगलं ठरत नाही. युरोपभरच्या अरॅबिडॉप्सिसचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. साखळी तीन कार्बनांची की चारांची, याचा भौगोलिक नकाशा आणि माव्याच्या दोन जातींपैकी कुठली कुठे जास्त, याचा नकाशा एकमेकांशी जुळत होते. मग संशोधकांनी मिश्र रोपांवर वेगवेगळे मावे सोडून पाच पिढ्या पाहिल्या, तर मावा बदलला की टिकून राहणारी आवृत्तीही बदलली. २०१५ साली अमेरिकेतल्या दोन ठिकाणांच्या शेतचाचणीत याच जनुकांच्या वेगवेगळ्या जुळण्या शेजारशेजारी लावल्या. एका जागी, एका वर्षी वरचढ ठरलेली जुळणी दुसऱ्या जागी किंवा पुढच्या वर्षी मागे पडली. निसर्गानं विविधता राखली आहे ती यासाठी. एका झाडाचं बी धरून तुम्ही नेमकी तीच विविधता मोडायला निघाला आहात, आणि मी अडखळतो तो इथं.

तर मग शाबूत झाड शाबूत का राहिलं? हे खाणारं कोण होतं त्यावर अवलंबून आहे, आणि तुम्ही ते लिहिलेलं नाही. तंबाखूची पानं खाणारी अळी असेल, तर तिची मादी एका पानावर शेकडो अंडी पुंजक्यानं घालते. ज्या झाडावर पुंजका पडला ते झाड फस्त, शेजारचं सुटलं. यात जनुकांचा हात असायची गरज नाही. ही अळी दिवसा मातीत किंवा पानांखाली दडते, म्हणून टॉर्च घेऊन रात्री पाहावं. करवती माशीची काळपट अळी सकाळ-संध्याकाळ खाते आणि हात लावताच अंगाची गुंडाळी करून खाली पडते. ठिपक्यांच्या पतंगाची बारीक हिरवी अळी डिवचली की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळते. ही अंडी सुटी सुटी घालते, त्यामुळे हिच्या बाबतीत झाडाझाडांतला फरक खरोखर पसंती-नापसंतीचा असायची शक्यता जास्त. अळी ओळखल्याशिवाय निवड करू नका.

मातीचा वाटाही आहे, पण तो मुख्यतः प्रमाणात दिसतो, प्रकारात क्वचित. ग्लुकोसिनोलेटला गंधक लागतं. सत्तरीत पाऊस भरपूर, हलक्या जमिनीतलं सल्फेट धुऊन जातं. गंधक कमी आणि युरिया जास्त पडला असेल तर पानं लुसलुशीत आणि सपक होतात. पाण्याचा ताण पडलेलं झाड जास्त तिखट होऊ शकतं. कोवळ्या पानात साठा जास्त असतो, जुन्या पानात कमी. आणि एकदा चावा बसला की झाड स्वतःहून उत्पादन वाढवतं. म्हणजे खाल्लेल्या झाडाचं पान तुम्हाला झणझणीत लागलं असेल, तर तो तिखटपणा खाण्याचा परिणामही असू शकतो. तुलना करायची तर सगळ्या झाडांवरचं वरून तिसरं-चौथं, पूर्ण उघडलेलं, न खाल्लेलं पान घ्या, आणि ते एकाच सकाळी घ्या.

प्रत्यक्षात काय करावं ते सांगतो. मोहरी बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळते, तरी मधमाश्या थोडाफार संकर घडवतात. निवडलेल्या झाडांच्या फुलोऱ्यावर फुलं उमलण्याआधी मलमलीची पिशवी बांधा. एकच झाड नको. झणझणीत, मध्यम, कडवट अशी आठ-दहा निरोगी झाडं घ्या, त्यांत थोडी खाल्लेली पण पुन्हा जोमानं फुटलेली एक-दोन असू द्या. खाणं सोसून उभं राहणं हाही एक मोठा गुण आहे आणि लोक तो विसरतात. प्रत्येकाचं बी वेगळ्या पुडीत, पुडीवर चव, अळीचं नाव आणि वाफ्यातली जागा लिहिलेली. पुढच्या वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, प्रत्येक पुडीतलं थोडं थोडं बी दोन-तीन वेगळ्या जागी पेरा. एखादी पुडी सगळीकडे तिखट निघाली तर ते जनुकांचं, फक्त एकाच कोपऱ्यात तिखट निघाली तर ते मातीचं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं पक्कं उत्तर याच चाचणीतून मिळेल, दुसरं कुणी देऊ शकणार नाही.

मघाशी म्हटलेली वाहतुकीची गोष्ट इथं लक्षात ठेवा. दाण्यातलं ग्लुकोसिनोलेट आईझाडानं बनवून पाठवलेलं असतं. त्यामुळे दाणा कुटून जी चव कळते ती आईची. त्या दाण्यातून उगवणारं रोप कसं निघेल ते तिच्यावरून कळत नाही. दोन झाडांचा संकर केलात तर त्या दाण्यांची चव पाहून निकाल लावू नका, रोपं वाढू द्या आणि त्यांची पानं चावा. मधुमेहाच्या तपासणीत लघवीतली साखर पाहण्याच्या पट्ट्या असतात, त्याही दाण्यासाठी चालतात. चिमूटभर मोहरी कुटून गार पाण्यात काही मिनिटं ठेवली की मायरोसिनेज साखर सोडवतं आणि पट्टीचा रंग बदलतो. कमी ग्लुकोसिनोलेटची झाडं निवडताना पैदासकारांनी अशा पट्ट्या पूर्वी खूप वापरल्या. त्यातून एकूण प्रमाण कळतं, प्रकार कळत नाही. पानावर ही चाचणी करू नका, पानात मोकळी साखर आधीच असते. दाण्याच्या रंगावरूनही काही ठरवू नका. पिवळा की तपकिरी, हे वेगळ्या जनुकांचं काम आहे.

कशासाठी निवडायचं हेही ठरवा. लोणच्याला आणि सासवाला झणझणीत दाण्याची ओळ ठेवा. पालेभाजीला सौम्य पानांची वेगळी ओळ ठेवा आणि तिच्यावर बारीक जाळी घाला. सौम्य पान सर्वभक्षी अळीला, गोगलगायीला आपल्याइतकंच आवडतं. कडवट पानं शिजवून, नेहमीच्या भाजीइतकी खाल्ली तर सुदृढ माणसाला काळजीचं कारण नाही. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी ती रोज कच्ची खाऊ नयेत आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मुळ्याचं बी एका झाडावरून धरताच येत नाही, एकटं झाड सहसा दाणेच भरत नाही. वीस-पंचवीस चांगली झाडं एकत्र फुलू द्या, अगदी सपक आणि सतत फस्त होणारी तेवढी फुलण्याआधी उपटा. विविधता राखत हळूहळू सुधारणा करायची हीच रीत आहे, आणि मुळ्याचं झाड तुम्हाला ती पाळायला भागच पाडतं.

कोबीचं मात्र आपल्याकडे जमणार नाही. कोबीला फुलायला कित्येक आठवडे सलग थंडी लागते, साधारण १० अंशांच्या खालची. गोव्यातल्या रात्री सहसा तेवढ्या उतरत नाहीत, गड्डा फुटतो किंवा सडतो पण तुरा येत नाही. देशातलं कोबीचं बी कुलू खोऱ्यासारख्या थंड भागांत होतं. नवलकोल आणि फ्लॉवर कोबीच्याच जातीचे असले तरी फ्लॉवरचे काही भारतीय लवकर येणारे वाण उष्ण हवेत फुलतात. नवलकोलाचा नाद मात्र सोडा.

कोबीसाठी तुमची मोहरी दुसऱ्या मार्गानं कामी येते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं सुचवलेली पद्धत आहे: कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक कोबीच्या लागवडीआधी १५ दिवस पेरलेली, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. ठिपक्यांच्या पतंगाची मादी मोहरीकडे ओढली जाते आणि अंडी तिथं घालते. या कामासाठी तुमच्या पुड्यांपैकी सर्वांत झणझणीत ओळ आधी वापरून बघा. परसात २५ ओळी नसतील तर वाफ्याच्या कडेनं मोहरी लावा, आणि तिच्यावर अळ्या जमल्या की त्या वेचा किंवा झाडं उपटून टाका, नाहीतर तिथूनच त्या कोबीवर जातील. यंदा अळी हातावर घेऊन तिचं वागणं तेवढं बघा आणि कळवा, मग कुठल्या पुडीचं काय करायचं ते आपण मिळून ठरवू.